ज्याचं नाव निघालं, त्याच्याच दारी

सत्तारभाऊ, भांडण अर्धवट टाकून निघून जाणं ही काही भल्या माणसाची रीत नाही. मागच्या खेपेला तुमच्या दुकानातून उठता उठता मी म्हटलं होतं, "पुढच्या वेळी तुमच्या तोंडून कबूल करून घेते की नाही बघा." स्टोव्हच्या बर्नरमधून मान वर न काढता तुम्ही म्हणालात, "येजो, येजो. तयारीनं येजो." मी तयारीनंच येणार होते. तेवढ्यात तुमच्या धाकट्या भावाचा फोन आला. सकाळी छातीत दुखलं म्हणे, अन् दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं.

गडचिरोलीहून एस.टी.नं मी चंद्रपूरला पोचले तोवर मिट्टी होऊन गेली होती. तसंही बाईमाणसाला कब्रस्तानात कोण येऊ देतं! म्हणून जे बोलायचं ते हे असं लिहून बोलते आहे. रागावून बोलते आहे, हे आधीच सांगते. दुःख झालं की मला पहिले राग येतो, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

लोक म्हणत होते, कुकर-स्टोव्ह रिपेअरवाले सत्तारभाऊ गेले. तेही खोटं नाही. पण निवडणूक आली की तुम्ही दुकान भावाच्या हवाली करायचे अन् खांद्याला झोळी लावून जनमत चाचणीचे सुपरवायझर व्हायचे, हे त्या गर्दीत किती जणांना माहीत होतं? मुंबईची एक कंपनी चंद्रपूर-गडचिरोलीचं काम तुम्हाला द्यायची. संख्याशास्त्रात बी.एस्सी. केलेला माणूस बापाच्या दुकानात पंप ठोकत बसला, याची तुम्हाला कधी खंत नव्हती. निवडणुकीच्या हंगामात तुमचा चेहरा मात्र लग्नघरच्यासारखा व्हायचा.

मी वैनगंगेकाठच्या ढिवराची पोर. मार्कंड्याच्या पलीकडच्या तीरावर आमचं गाव. बाप जाळं टाकायचा, माय मासळी विकायची, अन् मी बी.ए. होऊन घरात माशा मारत होते. कोणीतरी सांगितलं की सर्व्हेसाठी पोरी पाहिजेत, म्हणून तुमच्या दुकानात आले. तुम्ही माझं सर्टिफिकेट पाहिलंसुद्धा नाही. एकदम विचारलं, "जिल्ह्याचं मत आणाचं आहे. कोणाकोणाले विचारशीन?"

मी ठसक्यात सांगितलं, "सरपंच, मास्तर, पानठेल्यावरचे लोक. त्यांना सगळं माहीत असतं."

"त्यायले सारं मालूम रायते," तुम्ही म्हणालात, "म्हणूनच त्यायले नाई विचाराचं."

मला वाटलं, या बुवाचं डोकं फिरलं आहे. मग तुम्ही मतदार यादी उघडली. पहिलं नाव चिठ्ठी काढून ठरवायचं, तिथून पुढं सारख्या अंतरानं नावं घ्यायची, अन् ज्याचं नाव निघालं त्याच्याच दारी जायचं. शेजारी चालत नाही. दीर चालत नाही. "तिच्या वतीनं मीच सांगतो ना" म्हणणारा नवरा तर बिलकुल चालत नाही. घरी नसला तर परत जा, शेतात असला तर बांधावर जा. "सरपंच अन् सरपंचाच्या घरी भांडे घासणारी," तुम्ही म्हणालात, "चिठ्ठीत दोघायले सारखाच चान्स. अशी दुसरी जागा दाखव मले जिल्ह्यात."

मी तरी कुठली गप्प बसते! "जिल्ह्यात लाखो लोक, अन् आपण विचारणार मूठभर. त्यावरून काय कळणार?"

"शितावरून भाताची परीक्षा, हे तुह्या मायनं नाई सांगतलं काय? घरच्या गंजातला भात असो का पंगतीच्या डेगीतला, शिजला का नाई पाहाले दोन शितंच दाबतेत ना? डेग मोठी म्हणून कोणी परातभर भात चाखून पाहाते काय? फक्त भात चांगला ढवळला पाह्यजे."

"ढवळला तर गोळा होतो भाताचा," मी म्हटलं.

दुकानाच्या मागच्या दाराला पडदा होता अन् पडद्यामागं तुमचं घर. तिथून खुदकन हसू आलं, अन् पाठोपाठ आवाज, "इन्होंने जिंदगी में कभी भात पकाया है क्या, पूछ बाई!" जमिलाभाभीची अन् माझी ही पहिली ओळख. पडद्याखालून चहाच्या दोन कपांची थाळी सरकली. तुम्ही लाजून हसलात अन् म्हणालात, "बरं, नको ढवळू. पण वरूनच नको काढू. तळातून काढ, कडेचं काढ, मधातलं काढ. हे आपल्या हातानं होत नाई, हात आपल्याले पाह्यजे तिथीच जाते. म्हणून चिठ्ठी."

ते वाक्य मला कामावर गेल्यावरच समजलं. हात खरंच पाहिजे तिथेच जातो. पाय तर त्याहून लबाड. डांबरी रस्त्याकडची घरं, सारवलेली अंगणं, "या, बसा" म्हणणारी माणसं, पाय आपोआप तिकडे वळतात. तुमच्या चिठ्ठीनं मला कुठं कुठं फिरवलं! जिवतीच्या डोंगरात एका कोलाम आदिवासी म्हाताऱ्याचं नाव निघालं. जीपगाडी खाली सोडून उन्हात चढत गेलो. तो म्हणाला, "मले विचाराले आल्या? मले?" मग आत गेला, केसांना पाणी लावून फणी फिरवली, धुतलेला सदरा घातला अन् मग खाटेवर येऊन बसला. म्हणाला, "आता विचारा." त्या दिवसापासून मी तुमची झाले, भाऊ, हे कधी तोंडानं सांगितलं नाही.

पण म्हणून भांडायचं सोडलं नाही. चिठ्ठीचं एवढं कौतुक ऐकून माझं डोकं उठायचं. मी म्हणायचे, तुमची चिठ्ठी आंधळी म्हणून न्यायी, हे मान्य. पण ती चालते कोणाच्या बोटाला धरून? यादीच्या. अन् यादीत तर मेलेली माणसं ठणठणीत जिवंत, नवी आलेली सून बेपत्ता, अन् अर्धं गाव मिरची तोडायला आंध्रात. शिवाय कोलाम इतके थोडे की चिठ्ठीत त्यांच्यातलं एखादं नाव निघालं तर निघालं. त्या एका म्हाताऱ्यावरून साऱ्या डोंगराचं मत सांगणार काय? तुम्ही म्हणायचे, "नाई सांगणार. साऱ्या जिल्ह्याचं सांगीन. डोंगराचं पाह्यजे तं डोंगरासाठी येगळी चिठ्ठी काढा लागते, अन् त्याले पैसा कोण देते?" अन् एटापल्लीकडे जो माणूस प्रत्येक सवालाला "तुमी म्हणान ते" एवढंच म्हणत राहिला, त्याच्या मागं जंगलातल्या बंदुका होत्या की ठाण्यातल्या, देव जाणे. त्या दिवशी तुम्ही स्वतःच म्हणालात, "चिठ्ठी दारापर्यंत नेते. तोंड उघडणं तिच्या हातात नाई." जिथं तुमचं चुकायचं तिथं तुम्ही सरळ मान्य करायचे. म्हणून तर एका बाबतीत अडून बसलात, तेव्हा मला एवढं लागलं.

ती गोष्ट विधानसभेच्या वेळची. गडचिरोलीच्या बाजूच्या गावांत कॉलेजचे पोट्टे पाठवले होते. काम करून आले, अन् देसाईगंजला लॉजच्या ओसरीत आपण फॉर्म लावत बसलो. बायांच्या नावापुढे जिकडं तिकडं एकच शेरा, "घरी कोणी नाही". तुम्ही हळहळलात, तेंदूपत्त्याचा हंगाम नाही, धान कापणी नाही, गेल्या कुठी एवढ्या बाया? मी त्यातल्या एका पोट्ट्याला विचारलं, "घराला कुलूप होतं काय?"

"नाई ना ताई. बाई होती दारात. तिनंच सांगतलं, घरी कोणी नाई म्हणून."

अरे देवा! मला हसावं की त्याच्या कानाखाली वाजवावं, कळेना. आमच्याकडे परका पुरुष दारी आला की बाई हेच म्हणते. चुलीपाशी सासू, अंगणात जाऊ, कडेवर लेकरू अन् दारात ती स्वतः, तरी घरी कोणी नाही. म्हणजे गडी माणूस नाही. माझी माय तलाठ्याला जन्मभर हेच सांगत आली. खोटं बोलते असं तिला कधी वाटलं नाही. ऐकणाऱ्यालाही वाटलं नाही.

मी हे सांगितलं तेव्हा तुमच्या हातातला पेन तसाच राहिला. "म्हणजे जिचं नाव निघालं," तुम्ही सावकाश म्हणालात, "तिनंच सांगतलं का ती नाई?"

"हाव."

"अन् आपण लिवून घेतलं?"

"हाव ना भाऊ."

तुम्ही कपाळावर हात मारला. "शंभर वेळा आयकलं असंन हे म्या. शंभर वेळा!" मग पायांत चपला सरकवल्या अन् म्हणालात, "चाल, उठ."

ते दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याच गावांत परत गेलो. तुम्ही वेशीबाहेर मोहाच्या झाडाखाली बसायचे, पुरुष दिसला की बाया मिटतील म्हणून, अन् मी एकटी आत जायची. एका घरी पार्वताबाईचं नाव होतं. दारातली बाई म्हणाली, "घरी कोणी नाई."

"पार्वताबाई तुमीच ना? मले तुमच्याशीच बोलाचं आहे."

तिनं मागं वळून पाहिलं, मागं दुसरी कोणी उभी आहे की काय म्हणून. "माह्यासंग? काऊन वं बाई, काई चुकलं का माह्यं?" तिची भीती जायला वेळ लागला. मग पदरानं ओटा झटकून मला बसवलं. पक्षांच्या निशाण्या छापलेला कागद हातात धरून बराच वेळ पाहत राहिली अन् म्हणाली, "मले वाटे, हे आमाले इचारतच नाईत." तिनं आपलं मत दिलं. मी उठले तशी हळूच म्हणाली, "धन्याले नको सांगजो. त्यायचं येगळं आहे." कोणी नवऱ्याच्या मतासारखंच मत दिलं, कोणी नाही दिलं. पण प्रत्येकीनं दिलं. संध्याकाळी मोहाखाली येऊन मी कागद दाखवायची, तेव्हा तुमचे डोळे भरून यायचे अन् तुम्ही धुळीचं नाव सांगायचे.

इकडं मुदत संपत आली. एस.टी.डी. बूथवरून तुम्ही मुंबईच्या साहेबाला फोन लावला. काचेच्या दाराला कान लावून मी तुमचं बोलणं ऐकलं, साहेबाचं तुम्ही मागून सांगितलं. साहेबाचं म्हणणं होतं, झालंय तेवढं पाठवा, बायांच्या जागी शेजारचे पुरुष भरा, नाहीतरी बाया नवरा सांगेल तिकडंच मत देतात. तुम्ही म्हणालात, "साहेब, अर्ध्या गावाले पूर्ण गाव म्हणून मी नाई पाठवणार. थोडा टाइम द्या." साहेबानं टाइम दिला नाही. तुम्ही काम पुरं केलं, मगच पाठवलं, अन् ते पोचलं तेव्हा पेपरात सारं छापून आलं होतं. आपल्या भागाचा आकडा त्यांनी बाजूच्या जिल्ह्यावरून अंदाजानं ठोकून दिला. पार्वताबाईचं मत, त्या साऱ्या जणींचं मत, रद्दीत गेलं. अन् त्या कंपनीनं तुम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही.

आपलं भांडण ते एवढंच, भाऊ. पण किती वर्षं पुरलं! मी म्हणायचे, आहे तेवढं पाठवायचं, वर टीप जोडायची की बाया अजून विचारायच्या राहिल्या आहेत. निदान ज्यांचं घेऊन झालं होतं त्यांचं तरी मोजलं गेलं असतं. दुधाची तहान ताकावर. तुम्ही उसळायचे. "ताक असतं तं पाजलं असतं. हे तं चुन्याचं पाणी! दिसाले पांढरं. वर जोडलेली टीप कोण वाचते? आकडा एकदा छापला का त्याचे मायबाप कोणी नाई विचारत." मी म्हणायचे, "तुमचं सोवळं राहिलं, अन् त्या बायांचं बोलणं गेलं मातीत." एकदा रागाच्या भरात बोलून गेले की तुम्हाला त्या बायांपेक्षा तुमची चिठ्ठी प्यारी आहे. तेव्हा तुम्ही बर्नरची पिन घेऊन नुसतं टोचत बसलात, अन् पडद्याआडून भाभीनं चहा पाठवला.

मधे टीव्हीवर ते एसएमएसचं खूळ आलं. हो किंवा नाही लिहून पाठवा, अन् रात्री ऐटीत सांगणार की देशाला काय वाटतं. मी तुम्हाला डिवचायला म्हटलं, "पाहा, किती लोक! तुमची मूठभर शितं कुठी अन् हे कुठी." तुम्ही असे भडकलात की गिऱ्हाईक घाबरलं. "ज्यानं सोताच हात वर केला तो नमुना नसते, बाई, तो गिऱ्हाईक असते! मोहल्ल्यातले सारे बोंबलणारे गोळा केले तं मोहल्ल्याचं मत होते काय? जो चूप आहे त्याच्या दारी कोण जाईन?" मला तेच ऐकायचं होतं. तुम्ही चिडलात की फार छान बोलायचे. आता कोणाला चिडवू?

आज मी गडचिरोलीत याच कामाला पोरी तयार करते. पोरीच घेते मुद्दाम. पहिल्या दिवशी त्यांना एकच गोष्ट शिकवते, दारातल्या बाईला आधी तिचं नाव विचारा. हे मी शिकवते अन् पोरींना वाटतं माझ्या एकटीच्या डोक्यातून आलं. मी कधीकधी तुमचं नाव सांगते, कधी राहून जातं. तुम्ही मला दारोदार पाठवलं नसतं तर मीही कुठल्या तरी दारात उभी राहून मायसारखंच बोलले असते. हे तुम्हाला सांगायचं होतं. पण आपल्याला भांडणातून फुरसत कुठं होती!

मिट्टीच्या दिवशी तुमच्या घरी माणसांनी ओसरी भरली होती. भाभी आतल्या खोलीत, इद्दतीत बसलेल्या. आता काही महिने परक्या पुरुषासमोर येणं नाही, घराबाहेर पडणं नाही. मी बाई, म्हणून मला आत सोडलं. इतक्या वर्षांत पडद्याच्या पलीकडे बसून मी भाभीशी पहिल्यांदाच निवांत बोलत होते. बाकीच्या बाया नमाजासाठी उठल्या तेव्हा मी रडत रडत म्हटलं, "भाभी, आमचं भांडण राहूनच गेलं."

"मालूम आहे मले," त्या म्हणाल्या. "सारं आयकलं म्या. गडचिरोलीच्या बाया, तुहं ताक, इनका चुना. चहा कोण भेजत होतं तुमाले?"

मग तसबीचे मणी ओढता ओढता त्या हसल्या. अशा घरात, अशा दिवशी. "एक मर्तबा मी बोलली इनको. मी बोलली, दुनिया की औरतों को पूछते फिरते, डोंगर चढते, कभी मेरे को भी पूछो ना. तं हसले, अन् बोलले, तुम्हारा नाम नहीं निकला, जमिला. कायदा कायदा है." मणी थांबले. "मग मी वाट पाह्यली बाई. हर चुनाव में. मले वाटे, यंदा निकलेल."

भाऊ, तुम्ही समोर असता तर त्या वेळी मी तुमच्या डोक्यात कुकर घातला असता. मला तुमचा राग आला, अन् तितकीच तुमची आठवण आली. तुमच्या नियमात ते बरोबरच होतं. नाव निघालं नाही तर विचारायचं नाही, मग ती सरपंच असो की आपली बायको. पण ते मतदार यादीसाठी होतं हो! घरात बायकोला विचारायला कुठली यादी लागते?

मी डोळे पुसले अन् विचारलं, "भाभी, तुम्हीच सांगा. त्या वेळी आमच्या दोघांत खरं कोणाचं होतं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओढणी डोक्यावर नीट घेतली, भिंतीला टेकलेली पाठ सरळ केली अन् म्हणाल्या, "पयले बैठ अच्छे से. लंबा है मेरा कहना."

मग त्या बोलत गेल्या. बाहेर पुढच्या नमाजाची अजान झाली, कोणीतरी चहा आणून ठेवला, तो गार झाला. मी एकदासुद्धा मधे बोलले नाही. तुमचं बरोबर कुठं होतं, माझं कुठं होतं, अन् आपल्या दोघांच्याही ध्यानात कधी आलं नाही असं काय होतं, सारं त्यांनी सांगितलं.

काय सांगितलं, ते मी तुम्हाला सांगणार नाही, भाऊ. ऐकायचं होतं तर घरात विचारायचं होतं.